हॉल नंतर बांधा, आधी चार रविवार द्या

सोलापुरात महाविद्यालयीन बास्केटबॉलचा विषय निघाला की बोलणारे दोन बाजूंना बसतात. एका बाजूचं म्हणणं, इनडोअर हॉल नाही, लाकडी फ्लोअर नाही, सिमेंटवर गुडघे झिजवून मुलं कुठवर जाणार? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हॉल बांधून तरी काय, सहा फुटांवरचा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही. वाद रंगतो, चहा संपतो, आणि जिथून सुरुवात व्हायला हवी होती तो प्रश्न तसाच राहतो. आपल्या महाविद्यालयाचा पुरुष संघ वर्षभरात सामने खेळतो तरी किती? उत्तर एका हाताच्या बोटांवर मावत असेल, तर हॉल आणि उंची या दोन्ही गोष्टी नंतरच्या. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या संघांच्या वाट्याला स्पर्धा येते, हंगाम येत नाही. बाद पद्धतीच्या त्या दोन-तीन दिवसांना साखळी सामन्यांची जोड मिळत नाही, तोवर बाकी कशावरही केलेला खर्च पालथ्या घड्यावरचं पाणी आहे.

आधी हिशेब मांडू. बाद पद्धतीत १६ संघ उतरले तर सामने होतात १५. त्यातले आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर बॅगा भरतात. विजेता खेळतो चार सामने. सरासरी काढली तर एका संघाच्या वाट्याला पुरते दोन सामनेही येत नाहीत. पदवीची तीन वर्षं धरा. दरवर्षी पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघातला खेळाडू तीन वर्षांत तीन सामने पाहतो, म्हणजे घड्याळाची १२० मिनिटं. तीही संघाची. बाकावरच्या नवव्या-दहाव्या मुलाच्या वाट्याला त्यातली किती येत असतील? त्यात समोरचा संघ आलाच नाही आणि पुढे चाल मिळाली, तर जिंकूनही खेळ नाही. ‘हंगाम’ हा शब्द आपण शेतीतून उचलला. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी पेरणीपासून काढणीपर्यंत चार-पाच महिने उभी असते, थंडी खाते, दवावर पोसते. आपल्या बास्केटबॉल संघाला एकदम काढणीलाच बोलावलं जातं, आणि कणीस भरलं नाही म्हणून दोष मात्र बियाण्याला.

रोज संध्याकाळी दोन तास सराव करतात की, मग सामने कशाला, असं कोणी विचारेल. बास्केटबॉलमध्ये काही गोष्टी सरावात शिकवताच येत नाहीत, त्या शिट्टीखालीच कळतात. पहिली गोष्ट फाउलची. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता रेषेवरून मारायचे नेम. सरावात हा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण तिथे शिट्टी वाजली तरी चेंडू बाजूने आत टाकून खेळ पुढे चालू. मग स्पर्धेत तोच मुलगा पहिल्या सात मिनिटांत तिसरा फाउल करून बसतो, सर त्याला बाहेर घेतात, आणि ज्याच्या भोवती सगळा संघ रचला तो पूर्वार्धभर टॉवेल खांद्यावर टाकून बसलेला. तिसऱ्या फाउलनंतर हात मागे ठेवून फक्त पायांनी बचाव कसा करायचा, हे सहाव्या-सातव्या सामन्यात अंगात मुरतं. पहिल्यात नाही.

दुसरी गोष्ट प्रेसची. समोरच्यांनी पूर्ण मैदानभर अंगावर येऊन बचाव लावला की चेंडू आठ सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यायचा असतो. कमी सामने खेळलेला गार्ड काय करतो? घाबरून साइडलाइन धरून ड्रिबल करतो. साइडलाइन म्हणजे बचावाचा फुकटचा तिसरा माणूस. कोपऱ्यात दोघं येऊन घेरतात, चेंडू जातो आणि रिंगखालून सोपा ले-अप बसतो. असं सलग चार वेळा झालं की आठ गुण गेले, सामना तिथेच संपला. उपाय पुस्तकात एका ओळीचा आहे: चेंडू आत टाकला की मधल्या पट्ट्यात एक माणूस उभा करा, पास त्याला, तिथून विरुद्ध बाजूला. पण अंगावर दोन माणसं येत असताना तो मधला माणूस दिसायला हवा, आणि तो दिसायला आधी दोन-तीन सामने हरावे लागतात.

तिसरी गोष्ट २-३ झोनची, म्हणजे पुढे दोन, मागे तीन उभे राहून माणसाऐवजी आपापली जागा राखण्याची. आपल्याकडे जो तो हाच बचाव लावतो, कारण तो चार दिवसांत बसवता येतो आणि धापा टाकणारा उंच मुलगा रिंगखाली उभा करून लपवता येतो. बाद पद्धतीत एक सामना कसाबसा निभावतो. पण सलग साखळीत तिसऱ्या संघापर्यंत बातमी पोचलेली असते की यांचे कोपरे उघडे आहेत आणि फ्री थ्रो रेषेजवळ माणूस उभा केला की मधली फळी फाटते. मग बदल करावाच लागतो, मॅन-टू-मॅन (एकाने एकालाच धरायचं) शिकावं लागतं. एकाच सामन्याच्या स्पर्धेत तुमचं बिंग फुटायलाही वेळ मिळत नाही. ते फुटतं थेट आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पश्चिम विभागात, विद्यापीठाचं नाव छातीवर असताना. २४ सेकंदांच्या शॉट क्लॉकचंही (चेंडू हाती आल्यापासून तेवढ्या वेळात शॉट मारावाच लागतो) तेच. ज्या मैदानावर तो कधी लावलाच नाही, तिथला खेळाडू निवांत पास करत राहतो, आणि बाहेर गेल्यावर हॉर्न वाजला की आश्चर्याने पंचांकडे बघतो.

बाद पद्धत किती क्रूर असते याचा दाखला फुटबॉलमध्ये आहे. १९३४ सालचा इटलीतला विश्वचषक पहिल्या फेरीपासून बाद पद्धतीने झाला. ब्राझील आणि अर्जेंटिना अटलांटिक महासागर ओलांडून जहाजाने आले, ब्राझील स्पेनकडून हरलं, अर्जेंटिना स्वीडनकडून, आणि दोघंही एकेक सामना खेळून परत जहाजात बसले. १९३८ सालीही पहिल्या फेरीपासून बादच. १९५० पासून गटसाखळी परत आली ती आजतागायत आहे. समुद्र ओलांडून आलेल्यांची जी गत, तीच पहाटेची एसटी पकडून करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून येणाऱ्या संघाची. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर रणजी करंडक घ्या. १९३४-३५ साली सुरू झालेली ही स्पर्धा दोन दशकांहून अधिक काळ बाद पद्धतीनेच चालली, आणि १९५७-५८ पासून विभागवार साखळी आली. कसोटीपटू पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्यानंतरच्या रणजीपटूंना दर मोसमात निदान काही सामने तरी हक्काचे झाले, त्यामागे हा एक रुक्ष दिसणारा नियमबदल आहे, हे सांगत नाही.

इथे अमेरिकेचं उदाहरण हमखास पुढे येतं. तिथली महाविद्यालयीन स्पर्धाही बाद पद्धतीचीच आहे ना, एक हार आणि घरी, आणि सगळा देश टीव्हीपुढे? खरं आहे. १९३९ साली आठ संघांनिशी सुरू झालेली पुरुषांची ती स्पर्धा २०११ पासून ६८ संघांची झाली आहे, आणि ती शेवटपर्यंत बादच असते. पण ती असते मार्चमध्ये. त्याआधी नोव्हेंबरपासून प्रत्येक संघ तीसच्या आसपास सामने खेळलेला असतो. मार्चमध्ये पहिल्याच दिवशी हरणाऱ्या संघामागेही अख्खा हिवाळा असतो. आपण त्यांच्याकडचा कळस तेवढा उचलला, देऊळ तिथेच राहिलं. त्यांचा पैसा, शिष्यवृत्त्या, प्रेक्षक यांतलं आपल्याला काहीच परवडणारं नाही, हे मान्य. पण आधी साखळी आणि मग बाद, या क्रमाला पैसा लागत नाही. गंमत म्हणजे हा खेळ जन्माला आला तोच मोकळा मोसम भरून काढायला. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ यांनी दोन टोकांना पीचच्या टोपल्या टांगल्या, कारण फुटबॉल संपलेला होता, बेसबॉल सुरू व्हायचा होता, आणि मधल्या थंडीत अठरा विद्यार्थ्यांना गुंतवायचं कशात हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

आता विरोधी मुद्द्यांकडे येऊ, कारण त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत. उंची शिकवता येत नाही, हे शंभर टक्के खरं. रिंग ३.०५ मीटरवर असते आणि ती कोणासाठी खाली येत नाही. पण उंची नसलेल्या संघाला जे करावं लागतं, म्हणजे शॉट उडाला की चेंडूकडे न बघता आधी आपल्या माणसाला पाठीने अडवणं, वेग वाढवणं, तीन गुणांच्या ६.७५ मीटरच्या कमानीबाहेरून नेम धरणं, ते सगळं सामन्यांतूनच येतं. आणि उंच मुलगा मिळालाच, तर? पहिल्या वर्षाला आलेला सहा फूट तीन इंचांचा मुलगा बहुधा कधीच बास्केटबॉल खेळलेला नसतो. त्याला रिंगखालच्या चौकटीत तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, या नियमाची आठवण ठेवून रिंगखालून आत-बाहेर करायला शिकवायचं, तर वर्षाला दोन सामने देऊन ते होईल? उंची हे भांडवल आहे, पण ते बाजारात फिरलं पाहिजे.

हॉलचा मुद्दा त्याहून खरा आहे. सिमेंटवर नडग्या दुखतात, पडलं की कोपरं सोलतात, आणि उघड्यावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर बोर्ड पाहायची सवय लागलेल्या डोळ्यांना हॉलमधलं अंतर चुकीचं भासतं. हे मी नाकारत नाही. पण ज्या संघाला वर्षात दोन सामने आहेत, त्याच्यासाठी बांधलेल्या हॉलचं काय होतं, हे कुठल्याही गावातल्या बहुउद्देशीय सभागृहाकडे पाहून सांगता येईल. एका कोपऱ्यात बॅडमिंटन, परीक्षेत बाकं, अधूनमधून सत्कार. शिवाय हॉलच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मैदानांची किरकोळ दुरुस्तीही थांबते. सिमेंटच्या कोर्टवर नवा थर चढवला की जमीन पाच-सात सेंटिमीटर वर येते आणि रिंग तेवढीच खाली, पण टेप लावून कोणी मोजत नाही. मुलं वर्षभर २.९८ मीटरच्या रिंगवर नेम धरतात आणि बाहेरगावी गेल्यावर प्रत्येक चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. ब्रॅकेटचे बोल्ट ढिले असले की रिंग पुढे झुकते. ढाळ नसला की नेमकं रिंगखालीच पाणी साचतं, कारण सगळ्यात जास्त पाय तिथेच पडतात आणि तळ तिथेच खचतो. १५ मीटर रुंदीला एका बाजूकडे साधारण १५ सेंटिमीटरचा ढाळ पुरतो. ही कामं पाना, टेप आणि एका गवंड्याची आहेत.

सगळ्यात अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो क्रीडा संचालकच घेतात: साखळी लावली तर दुबळे संघ आठ वेळा ८०-२० असे मार खातील, तिसऱ्या रविवारी येणारच नाहीत. ही भीती खोटी नाही. पण बाद पद्धत दुबळ्या संघाशी काय करते ते बघा. तिथे दुबळा संघ बलाढ्याकडून हरतो, दुसरा दुबळा दुसऱ्या बलाढ्याकडून, आणि हे दोन दुबळे, ज्यांचा सामना शेवटच्या मिनिटापर्यंत अटीतटीचा झाला असता, ते एकमेकांना कधी भेटतच नाहीत. बरोबरीच्या सामन्यातच खेळाडू घडतो. एक मिनिट उरलंय, दोन गुणांनी मागे आहोत, टाइमआउट आता घ्यायचा की चेंडू हातात आल्यावर, फाउल करायचा तर त्यांच्या कुठल्या मुलावर, हे प्रश्न ८०-२० च्या सामन्यात कोणालाच पडत नाहीत, जिंकणाऱ्यालाही नाही. नऊ संघांच्या साखळीत तळाच्या तीन संघांना आपापसातले दोन-दोन सामने तरी नक्की मिळतात. उरलेल्या मारापुरता साधा तोडगा आहे: अंतर तीस गुणांचं झालं की घड्याळ न थांबवता चालू ठेवायचं.

राहिला वेळ. परीक्षा, हजेरी, पाऊस. सोलापुरात सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना, म्हणून स्पर्धेच्या ऐन दिवसांत उघडी कोर्टं भरवशाची नसतात. विद्यापीठाच्या संघनिवडीचं वेळापत्रक विभागीय स्पर्धांना बांधलेलं असतं, ते आपल्या सोयीने हलत नाही. म्हणून निवडीची बाद स्पर्धा आहे तशीच राहू द्यावी असं मला वाटतं. साखळी तिच्यानंतर खेळवा, हिवाळी परीक्षा आटोपल्यावर, डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत. मग निवडीला तिचा उपयोग काय, असं विचारलं जाईल. पुढच्या वर्षीच्या निवडीला आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं तोवर आठ सामने खेळून आलेली असतील, त्या सामन्यांच्या गुणपत्रिका हातात असतील, आणि जुलैच्या शिबिराला कोणाला बोलवायचं हे कोणाच्या शिफारशीवरून ठरवावं लागणार नाही. रविवार असल्याने तास बुडत नाहीत, हजेरीचा प्रश्नच येत नाही.

आणि आठ सामन्यांना किती दिवस लागतात? चार. यात जादू नाही, मांडणी आहे. नऊ संघ धरा, एक ते नऊ आकडे तीन ओळींत तीन-तीन लिहा. पहिल्या रविवारी आडव्या ओळी: १-२-३ एका मैदानावर, ४-५-६ दुसऱ्यावर, ७-८-९ तिसऱ्यावर. दुसऱ्या रविवारी उभ्या ओळी: १-४-७, २-५-८, ३-६-९. तिसऱ्या रविवारी एका बाजूच्या तिरक्या: १-५-९, २-६-७, ३-४-८. चौथ्या रविवारी दुसऱ्या बाजूच्या: १-६-८, २-४-९, ३-५-७. प्रत्येक मैदानावर तीन संघ आपापसात तीन सामने खेळतात, प्रत्येक संघाला दिवसाला दोन. चार रविवारांत प्रत्येक संघ उरलेल्या आठही संघांशी बरोबर एकदा भेटतो, एकूण ३६ सामने. संघ आठच असतील तर नववा आकडा रिकामा सोडा, त्याच्या मैदानावर त्या दिवशी एकच सामना होईल. दहा असतील तर मात्र ही रचना मोडते, मग पाच-पाचचे दोन गट करावे लागतील आणि सामने घटतील, हे आधीच सांगितलेलं बरं.

एका दिवसात दोन सामने सिमेंटवर जड जातात, म्हणून क्वार्टर दहाऐवजी आठ मिनिटांची ठेवावीत. पहिला सामना सकाळी साडेसातला, दुसरा दहाला, तिसरा दुपारी चारला. दुपारचं ऊन टळतं, आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळण्याआधी खेळ संपतो, दिव्यांची गरज नाही. फक्त तिसऱ्या सामन्याला पूर्व-पश्चिम आखलेलं कोर्ट देऊ नका. फ्री थ्रो घेणाऱ्याच्या डोळ्यांत थेट सूर्य येतो आणि ४.६० मीटरवरून त्याला रिंग दिसत नाही. सलग दोन सामने ज्या संघाला येतात त्यालाच दर वेळी ती शिक्षा होऊ नये म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. संक्रांतीच्या आसपासचा रविवार आधीच वगळा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सामना ठेवणारा माणूस सोलापूरचा नसणार.

खर्चाचं बोलायचं तर एका मैदानाला दोन पंच लागतात आणि टेबलावर तीन माणसं: गुणलेखक, वेळाधिकारी, २४ सेकंदवाला. टेबलावरची तिन्ही कामं त्या वेळी न खेळणाऱ्या तिसऱ्या संघाच्या मुलांनी करायची. शॉट क्लॉकचं यंत्र नसेल तर मोबाइलवरचं स्टॉपवॉच आणि शेवटचे पाच आकडे मोठ्याने ओरडणारा एक खणखणीत आवाज पुरतो, आणि चेंडू रिंगला लागून परत आक्रमकाच्याच हाती आला तर २४ नाही, १४ पासून मोजायचं एवढं त्याला ठाऊक हवं. गुणपत्रिका लिहिणाऱ्या मुलाला फाउल म्हणजे काय ते जेवढं कळतं, तेवढं प्रशिक्षकाच्या तासाभराच्या भाषणाने कळत नाही. चेंडू सात नंबरचा, हवा तपासलेला: सुमारे १.८ मीटरवरून सोडला तर साधारण सव्वा मीटर उसळावा. रबरी चेंडू उन्हात पडून राहिला की फुगतो आणि बोटांवरून निसटतो, म्हणून तो सावलीत ठेवा. प्रवासाचं म्हणाल तर अक्कलकोट ४० किलोमीटरच्या आत-बाहेर, बार्शी आणि पंढरपूर ७० च्या आसपास. शहरातल्या संघांना तेवढंही नाही. बारा मैदान-दिवस नऊ संघांत वाटले की प्रत्येकाकडे एकेक रविवार यजमानपद येतं आणि ज्यांची कोर्टं बरी आहेत अशा तिघांकडे दोनदा.

पंच कुठून आणायचे, हा शेवटचा आणि खरा अडसर आहे. तीन मैदानांना सहा पंच, सकाळी साडेसातला, चार रविवार. त्यांचं मानधन महाविद्यालयांनी वाटून द्यावं, ते टाळून जमणार नाही. सहा पूर्ण पात्र पंच मिळाले नाहीत, तर प्रत्येक मैदानावर एक अनुभवी आणि त्याच्यासोबत तिसऱ्या वर्षाचा किंवा नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला एक खेळाडू उभा करावा. तो चुका करेल, स्टेप्सच्या (चेंडू न आपटता जादा पावलं टाकल्याच्या) शिट्ट्या चुकवेल, घरच्या संघाकडे झुकल्याचे आरोप होतील, एखादा सामना दहा मिनिटं थांबेल. त्यासाठी मैदानावर नियमपुस्तिकेची एक प्रत आणि वादाचा निकाल तिथल्या तिथे देणारे, त्या सामन्यात न खेळणाऱ्या महाविद्यालयाचे एक सर, एवढं ठेवलं की पुरे.